दारात आलात की खाकरा

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

कडगंची,
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

गंगम्मा अक्का, तुमच्या पायावर डोकं. गुडघा वाकत न्हाई, म्हणून डोकं इथूनच ठेवलंय असं धरा.

तारीख सुधारानीनं घातली. मला विचारलं तर तुरीच्या शेंगा भरायल्यात, जवारी निसवायलीय अन् सकाळच्या पाण्यात हात घालवत न्हाई, ही तारीख. लिहायलीय ती, सांगायलेय मी. जसं बोलते तसंच लिही, शाळेतलं करू नको, असं सुनेला बजावलंय. ती मान हलवती अन् काय लिहिती ते देवाला ठाऊक. मला कुठं वाचता येतंय!

इकडं सगळे खुशाल हायेत. नातू गुरुबसव बसायला शिकला. जरा बसतो अन् कलंडतो. जेवण झाल्यावर तुमचे भाऊ कलंडतेत तसा. म्हस अजून दुधाला हाय. पोरगं रोज गुलबर्ग्याला कामाला जाऊन येतंय.

फोन कामून केला न्हाई, पत्र कामून, असं म्हणाल. फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाई. मी ओरडले तर तुम्हाला सोडून आख्ख्या गल्लीला ऐकू जातंय, अन् ह्यातलं काही गल्लीचं न्हाई. तवा लिंगराज, बाबा, तू आईच्या कानाशी बसून वाच. हसू आलं तर थांबून हस, मग पुढं वाच. अन् जिथं वाचायला तुलाच अवघड वाटंल, तिथं जरा जास्त मोठ्यानं वाच.

तुम्ही ऊस तुटायचा म्हणून अफजलपूरला घाईनं गेलात, असं मी गावात सगळ्यांना सांगितलंय. शेजारची रुद्रम्मा म्हणली, "अठ्ठ्याहत्तर वर्षाची बाई ऊसतोडीला कशाला लागती गं?" मी म्हणलं, "कोयता धरायला न्हाई, मुकादमाला धरायला." ती हसली. मी बी हसले. ते राहू द्या, त्याचं पुढं सांगते.

पत्राचं कारण आनंदाचं हाय. पण पहिल्यापासून सांगते, कामून की पावसाळ्यात तुम्हाला बोलावलं तवा मी अर्धंच सांगितलं होतं. बाळाला तेल लावायला, अंघोळ घालायला जाणता हात पाहिजे, असं कळवलं. हात पाहिजेच होता. पण त्यापरीस तुमचं नुसतं बसणं पाहिजे होतं.

तुमच्या भावाच्या तोंडात विडी मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बघितली. तेवढ्यात तुम्ही खाकरत सोप्यात आलात, अन् ती पेटलेली विडी गेली कुठं ते मला आजवर कळलं न्हाई. गिळली असंल. आईमागं तुम्ही त्यांना कडेवर वाढवलं. सगळ्या जगापुढं वढतील, अक्कापुढं न्हाई. ह्याला आपल्याकडं लिहाज म्हणतेत. लहान्यानं लपवायचं, अन् मोठ्यानं आत यायच्या आधी खाकरायचं, म्हंजे लहान्याला लपवायला येळ मिळतो. दोघांना सगळं ठाऊक, अन् दोघांना काहीच ठाऊक न्हाई.

तर त्यांच्या विडीच्या जागा एकेक करून कशा गेल्या, ते ऐका.

पहिली गेली संगमेश्वरच्या हॉटेलातली. विद्यापीठाची पोरं-पोरी तिथं चहाला यायला लागली. एक दिवस एका पोरीनं नाकाला वढणी लावली अन् चहा न पिताच उठली. संगमेश्वरनं पाटी लावली. वर कन्नड, खाली इंग्रजी, मधी विडीचं चित्र अन् चित्रावर लाल काट. मला अक्षर कळत न्हाई, पण काट कळती. तुमचे भाऊ जाऊन भांडले.

"संगमेश्वर, हे कामून लावलास? तुझ्या बापाच्या येळपासून मी हितं वढायलोय."

"काका, वढा की. मी कुठं न्हाई म्हणायलोय? फक्त पायरीखाली उतरून वढा. कायदा हाय. दंड मला बसतो."

उतरले. एका हातात चहाचा गिलास, एका हातात विडी. काडी वढायला तिसरा हात कुठून आणावा? गिलास भुईला ठेवावा तर कुत्रं तोंड घालतंय. विडी दातात धरावी तर चहा कसा प्यावा? म्हणले, आधी चहा पिऊन घेऊ. चहा संपल्यावर विडीला चव लागंना. अशी चहाबरोबरची विडी गेली. कुणी सोडवली न्हाई, अक्का. हात कमी पडले म्हणून गेली.

मग सुधारानीला बाळ झालं. ती आपली गरीब गाय, पण बाळंतपणात तिला शिंगं फुटली. "मामा, बाळाला मांडीवर घ्यायचं असंल तर वढल्यावर तोंड धुवा, सदरा बदला," म्हणली. (आता हे लिहिताना खाली बघून हसायलीय.) सदरा बदलायचा त्यांना लई आळस. अन् बाळ उठतंय पहाटंच, उठल्याबरोबर आज्जा पाहिजे. मग सकाळची विडी कोण वढणार? ती बी गेली.

राहिल्या तीन जागा. कट्टा, गोठा अन् शेत. त्या तीन जागी त्यांनी बाकी सगळ्या जागांची कसर काढली.

आषाढात मठाच्या पायऱ्या चढताना मधीच खोकत बसले. तोंड काळं-निळं पडलं. आळंदला डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणला, "आजोबा, आता दोघांतलं एकच राहणार. विडी, न्हाई तर तुम्ही." ह्यांनी मान हलवली. घरी येऊन गोठ्यात गेले अन् धूर निघाला. तवा मला भ्याव वाटलं. चेष्टा करायला तोंड उघडलं, तर आत चेष्टाच न्हाई. माझ्याकडं ती संपली म्हंजे काय झालं असंल ते तुम्हीच समजा.

म्हणून तुम्हाला बोलावलं.

तुम्ही आलात. बोचकं सुधारानीच्या हातात दिलात, कट्ट्यावर बस्कर टाकून बसलात अन् हाक मारलात, "माणिक, ये रे. बस जरा." सत्तरीचा माणूस शाळेतल्या पोरावानी येऊन बसला. मी चुलीपुढं पोट धरून हसले. म्हणलं, कट्टा बी गेला!

पण माझा अंदाज एका ठिकाणी चुकला. तुम्ही खाकरत होता. सोप्यातून अंगणात यायचं, खाकरा. अंगणातून गोठ्याकडं जायचं, खाकरा, वर काठी दगडावर आपटा. तेवढ्यात गोठ्यात तुमचे भाऊ विडी विझवून म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभे. त्या दिवसांत म्हशीचे जेवढे लाड झाले तेवढे माझे लग्नात झाले नव्हते.

मी तुम्हाला म्हणलं, "अक्का, खाकरू नका. गुमान जा. एकदा हातात विडी असताना सापडू द्या, जल्माची सुटंल." तुम्ही काय म्हणलात ते माझ्या ध्यानात हाय.

"अंबिका, न खाकरता जातंय ते पोलीस. मी बहीण हाय. सापडला तर एक तर माझ्यापुढं मान वर करणार न्हाई, न्हाई तर माझ्यापुढंच वढायला लागंल. दोन्हीत माझ्या हाती काय राहतंय?"

मी मनात म्हणलं, म्हातारीला काही कळत न्हाई.

कळत मला नव्हतं. तुम्ही खाकरणं सोडलं न्हाई, वाढवलं! कान गेले तरी तुमचं नाक शाबूत. काडीचा वास आला की असाल तिथून खाकरलात. जेवताना खाकरलात, बाळाला तेल लावता लावता खाकरलात. ते पेटवायचे, एक झुरका घ्यायचे, की तुमचं खं-खं. विझवायचे. अर्धी विडी कानामागं, अर्धी भिंतीच्या फटीत, अर्धी पटक्यात. पटका धुवायला घेतला की पाण्यावर विड्या तरंगायच्या. विझलेली परत पेटवली की कडू लागती म्हणतेत. मग वैतागून वढायला शेतात जायला लागले. शेत काय जवळ हाय? ओढा उतरा, मग चढ. वर पोचेपर्यंत एवढा दम लागायचा की विडीला छातीत जागाच उरायची न्हाई. तुरी बघायचे अन् परत यायचे. "तुरी बऱ्या हायेत," म्हणायचे. अक्का, आख्ख्या तालुक्यात एवढ्या बघितलेल्या तुरी दुसऱ्या नसतील.

दसऱ्याला मठाच्या पायऱ्या न बसता चढले. वर जाऊन मागं वळून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही दुसरीकडं बघत होता. ते बी मला दिसलं.

आता ऊसतोडीचं खरं सांगते. लिंगराज, इथं मोठ्यानं.

दिवाळी झाल्यावर रुद्रम्मानं भिंतीवरून इचारलं, "तुमची नणंद अजून हायच व्हय? कवा जाणार?" अन् मी हसत म्हणलं, "ती नणंद कुठली गं! ती आमची पाटी हाय. संगमेश्वरनं हॉटेलात टांगली, आम्ही कट्ट्यावर टांगली. विडी सुटली की काढून ठिवायची." रुद्रम्मा हसली. अंगणात तुम्ही तूर निवडत होता. वीस हाका मारल्या तरी तुम्हाला ऐकू येत न्हाई, अन् नेमकं ते एक ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोचकं बांधून तयार. "लिंगराजचा ऊस तुटायचा हाय," म्हणलात. मी बी "व्हय, जावंच लागंल," म्हणले. भाकरी बांधून दिली. तुम्ही घेतली, पण माझ्याकडं बघितलं न्हाई.

अक्का, मला चेष्टेबिगर बोलता येत न्हाई. माया आली तरी तोंडातून चेष्टाच निघती. हे तुम्हाला माझ्या लग्नापासून ठाऊक हाय, पण ठाऊक असलं म्हणून लागत न्हाई असं थोडंच हाय. पाटी बाळाला मांडीवर घेऊन कन्नडमधलं गाणं म्हणत न्हाई. पाटी सुनेला ताप आला तर उशाला बसत न्हाई. मी चुकले. हे वाक्य सुधारानीला दोनदा लिही म्हणलं. ती म्हणती, "अत्ती, एकदाच पुरं." पुरं असंल तर बघा.

तुम्ही गेलात. ते तुम्हाला बसमध्ये बसवून आले, कट्ट्यावर बसले, विडी काढली, काडी काढली, अन् तुमच्या रिकाम्या बस्कराकडं बघत राहिले. मी दारातून म्हणलं, "वढा की आता. पाटी काढली."

जीभ, अक्का. सवय.

"पाटी म्हंजे?" म्हणले. मग सांगावं लागलं. ऐकून घेतलं.

"तिनं मला जल्मात एकदा पकडलं न्हाई," म्हणले. "दर येळी येळ दिला. अन् तू तिला पाटी केलीस?"

विडी तशीच कट्ट्यावर ठेवून उठले. माझ्याशी बोलणं बंद. जेवताना मीठ पाहिजे असलं तर बाळाला सांगायचे, "गुरुबसव, तुझ्या आज्जीला म्हण, आमटी आळणी हाय." मी म्हणायची, "गुरुबसव, तुझ्या आज्जाला म्हण, मीठ हाताशीच हाय." पोराला दात न्हाई अन् आमचं भांडण मिटवायला बसवला.

आता गंमतीचं. मागच्या पंधरवड्यात दुपारी मी अन् सुधारानी शेंगा सोलत होतो. गोठ्यातून मोठ्यानं हाक आली, "आलो, आलो अक्का!" पाठोपाठ बादली पडली. आम्ही धावत गेलो. तुमचे भाऊ उभे, पटका सुटलेला, अन् विडी म्हशीच्या पाण्याच्या टाकीत तरंगायलेली. अक्का तर अफजलपूरला! मग हाक कुणाला? म्हशीकडं बघितलं. थंडीनं तिला पडसं झालेलं. ती परत एकदा खाकरली, हुबेहूब.

राग धरू नका. म्हस गरीब हाय, अन् दुधाची हाय.

त्यांनी म्हशीकडं बघितलं, मग आमच्याकडं, अन् जे हसायला लागले ते कडब्यावर बसूनच हसले. डोळ्याला पाणी आलं. सुधारानी हसली, मी हसले, बाळ घरात एकटं हसायला लागलं. अन् अक्का, एवढं हसले पण खोकला आला न्हाई. मी बघत होते. एकदा बी आला न्हाई.

मग म्हणले, अन् मलाच म्हणले, बाळाला न्हाई, "अगं, सगळ्या जागा गेल्या, ही एक राहिली होती. आता हितं बी अक्का खाकरायलीय. एवढं दचकून वढण्यापरीस न वढल्यालं बरं." कंबरेचं बंडल काढून चुलीत घातलं. त्या दिवशी भाकरीला विडीचा वास आला; सगळ्यांनी गुमान खाल्ली. काड्यापेटी सुधारानीच्या हातात दिली, म्हणले, "देवापुढं ठेव, दिव्याला होईल."

तवापासून न्हाई. मन होतंय. तोंडावरून कळतंय. झालं की उठतेत अन् तुरी बघून येतेत. सगळं सोडलं तरी तुरी सुटणार न्हाईत असं दिसतंय.

येळ अमावस्या जवळ आली. शेतात कडब्याची कोपी, म्हंजे खोपटं, घालायची, पाच दगडांना चुना लावून पुजायचे, आंबिलाचं मडकं डोक्यावरून न्यायचं. भज्जीला लागणाऱ्या भाज्या-शेंगा मी सांगून ठेवल्यात. तुम्हाला ठाऊकच हाय, जेवणं झाली की गडी माणसं झाडाखाली बसतेत अन् बंडल फिरतंय. शेतात पाटी न्हाई, कायदा न्हाई, संगमेश्वर न्हाई. मला तेवढीच काळजी होती. तर काल आपणहून म्हणले, "मी बाळाला घेऊन कोपीत बसतो. बाळाजवळ कुणी काडी वढणार न्हाई." म्हंजे आता पाटी गुरुबसव हाय. त्याला पाटी म्हणलं तर तो हसतो, बरं हाय.

तवा नीट ऐका, अक्का. विडी सुटली. बाळाला अंघोळ सुधारानी घालती, चांगली घालती. राखण कुणाची करायची न्हाई. तुम्हाला इथं काहीच काम न्हाई. म्हणूनच या. कामाला बोलावलेलं माणूस काम झालं की जातंय. बिनकामाचं माणूस घरचं असतंय.

तुमचं बस्कर कट्ट्यावर तसंच हाय. परवा रुद्रम्मा त्याच्यावर टेकायला गेली, तर तुमचे भाऊ असे खाकरले की ती उभीच राहिली.

अन् हे एक आताचं. "उभीच राहिली" एवढं सुधारानीनं लिहिलं अन् दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. म्हशीकडून न्हाई, उंबऱ्याकडून. आम्ही दोघींनी पत्र बाळाच्या दुपट्याखाली सारलं, पेन मी पदरात घेतलं. मग तुमचे भाऊ आत आले. आमच्याकडं बघितलं न्हाई. दुपट्याकडं तर अजिबात बघितलं न्हाई. रांजणातलं पाणी प्याले, बाळाच्या गालाला बोट लावलं, अन् जाता जाता भिंतीला सांगितलं, "अफजलपूरहून गुलबर्ग्याला दुपारची गाडी बरी. कुणी येणार असलं तर मी स्टँडवर जाऊन बसीन."

अक्का, आपल्याच घरात खाकरून आले. आम्हाला लपवायला येळ दिला. कुणाकडनं शिकलेत ते मी सांगायला पाहिजे व्हय?

या. दारात आलात की खाकरा. आता कुणाला काही लपवायचं न्हाई. नुसतं ऐकायचं हाय.

तुमची, जिभेला हाड नसलेली पण तुमच्या बस्कराला रोज झाडणारी भावजय,

अंबिका
(हा माझा अंगठा. जरा जास्त दाबला गेलाय, शाई पसरली. राहू द्या तसाच.)